आवक-जावक : पाथरीची टिपणं

जमीन महसूल संहितेतलं १४९ वं कलम गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. वारसाने किंवा वाटणीने जमिनीत हक्क आला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, तोंडी कळवलं तरी चालतं, आणि कळवल्याबरोबर तलाठ्याने लेखी पोच द्यायची. कायदा १९६६ चा. लिहिता न येणाऱ्या माणसाचाही हक्क कागदावर चढावा याची काळजी त्यात घेतलेली आहे. ओळखीतल्या ज्या ज्या माणसांना मी विचारलं, त्यांतल्या एकालाही अशी पोच मिळालेली नव्हती. ती मागता येते हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सुशासनावर व्याख्यानं पुष्कळ होतात. माझ्या लेखी ते या पोचेपासून सुरू होतं. तारीख घातलेला, सही-शिक्क्याचा कागद हातात असला की त्या दिवसापासून सरकारचे दिवस मोजता येतात. तो नसेल तर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं म्हणायला समोरचा मोकळा.

*

गोदाकाठच्या एका गावातल्या बाई. नवरा गेला, मागे दोन एकर रान. पीककर्ज, अतिवृष्टीचं अनुदान, विमा, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला बांधलेलं, आणि सातबाऱ्यावर नाव गेलेल्या माणसाचं.

रीत अशी : ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला घ्यायचा, वारसांचा अर्ज आणि शपथपत्र जोडायचं. तलाठी चौकशी करून गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत लिहितो. मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, हरकत नसली की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. वाद नसलेलं प्रकरण महिना-दीड महिन्यात संपावं.

बाईंचं रखडलं ते वादामुळे नाही. सातबाऱ्यावर नवऱ्याचं पूर्ण नाव, मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचे ते नाव. ते सांगितलं एका खेपेला. पुढच्या खेपेला कळलं, लग्न होऊन गेलेल्या मुलीचंही आधार लागेल. त्याच्या पुढे शपथपत्रातली एक ओळ चुकलेली निघाली. प्रत्येक वेळी मजुरी बुडवायची, रिक्षाचं भाडं द्यायचं, आणि भाऊसाहेब मीटिंगला गेलेले असले की उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर बसायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, काय काय लागतंय ते समदं एकदाच सांगा. लेकीकडून लिहून घेते म्या."

या बाईंनी जे मागितलं त्याहून मोठी सुधारणा मला सुचत नाही. त्रुटी एकदाच सांगा, सगळ्या सांगा, लिहून द्या. सेवेची मुदत सगळी कागदपत्रं पुरी झाल्यावर मोजली जाते, त्यामुळे एकेक त्रुटी सुटी सुटी सांगितली की मुदत पुन्हा पुन्हा पहिल्या दिवसावर येते. कागदोपत्री एक दिवसाचाही उशीर नसतो आणि बाईंचा मात्र सगळा हंगाम निघून गेलेला असतो.

*

२०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. सुरुवात बुलढाणा जिल्ह्यात झाली होती. गावोगाव चावडीवर मयत खातेदारांची यादी काढायची आणि वारसांच्या नोंदी आपणहून लावायच्या. अर्जदार कचेरीत येण्याची वाट न पाहता कचेरीने गावात जायचं, ही दिशा मला मनापासून पटते. तलाठ्याला गावात कोण गेलं हे कळायला मृत्यूच्या दाखल्याची गरज नसते. तो गावाचाच असतो. फक्त एक वाटतं : मोहिमेत जे काम दीड महिन्यात होतं ते मोहीम नसताना का होऊ नये? माणसं दर महिन्याला जातात. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला चावडीवर वारस नोंदी लागल्या तर मोहिमेची वेळच येणार नाही.

*

पाथरीच्या कुलकर्ण्यांची गोष्ट इथल्या फार थोड्या मुलांना माहीत आहे.

इतिहासकार फरिश्ता लिहितो की अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यात आहे. घराणं विजयनगरच्या मुलखात गेलं होतं, तिथे बहमनी फौजेने एका मुलाला पकडलं, तो मुसलमान झाला, मलिक हसन म्हणून बहमनी दरबारात वर चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभं केलं. अहमदचा मुलगा बुरहान निजामशहा गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. पूर्वजांचं गाव म्हणून निजामशहाने ते मागितलं, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, इमादशहाने नकार दिला, आणि १५१८ मध्ये पाथरीवर फौज आली.

एका गावच्या कुलकर्णीपणासाठी सुलतानाने फौज पाठवावी, यावरून त्या पदाचं वजन कळतं. कुणाची किती जमीन, कुणाकडे किती बाकी, कुणाचा बांध कुठपर्यंत, हे ज्याच्या दफ्तरात, गाव त्याच्या हातात. वतन वंशपरंपरेने चालायचं. दफ्तर कुलकर्ण्याच्या घरात, त्याच्या खुंटीला. रयतेला त्यात डोकावता येत नव्हतं. आपण पुढे आलो ते इथे : दफ्तर घरातून कचेरीत आलं, कचेरीतून संगणकात गेलं आणि आता पाथरीतल्या कुणालाही मोबाइलवर आपला सातबारा पाहता येतो. पाचशे वर्षांचा हा प्रवास लहान नाही. जुन्या काळचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा गावच्या दफ्तरासमोर रयत म्हणून उभं राहून पाहावं.

*

कालव्याचं पाणी. पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी अशा तीन जिल्ह्यांतून जातो. आपण पुढच्या अंगाला. पाणीपाळी सुटल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचायची आणि पाणी चारीला कधी येतं हे शेजाऱ्याच्या फोनवरून कळायचं. नमुना ७ भरून पाणी मागितलेल्या शेतकऱ्याला कुठल्या वितरिकेला कोणत्या तारखेला पाणी, एवढं वेळापत्रक गावच्या फळ्यावर दिसलं तर रात्री-अपरात्री दारं मोडायला कुणी जाणार नाही.

*

सालारजंग. हे नाव मराठवाड्याच्या शाळेत एका ओळीत उरकलं जातं. १८५३ मध्ये ते हैदराबादचे दिवाण झाले तेव्हा खजिना रिकामा होता, मुलूख सावकारांकडे आणि अरब-रोहिला जमादारांकडे गहाण पडलेला होता, आणि महसूल वसुली मक्त्याने दिली जायची. मक्तेदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरायची. रयतेकडून तो किती काढतो याचा हिशेब कुणी मागायचा नाही. सालारजंगांनी मक्ते मोडले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी (मुलखाची जिल्ह्यांत विभागणी) केली, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार अशी पगारी माणसं नेमली.

पगारी अधिकारी. आज यात काही विशेष वाटत नाही. पण ज्याचं पोट रयतेच्या खिशावर अवलंबून नाही असा माणूस तालुक्याच्या खुर्चीवर बसवणं ही आपल्या भागातली सुशासनाची पहिली मोठी पायरी होती. म्हणूनच पगार घेऊन वर चहापाण्याला मागणारा मला साध्या चोरासारखा वाटत नाही. तो सगळ्या तालुक्याला १८६५ च्या मागे नेतो.

*

कुणबी नोंदींच्या शोधाने मराठवाड्यात जुन्या कागदाला पुन्हा जीव आला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचं गाव अंतरवाली सराटी इथून फार लांब नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळचे महसुली कागद, शाळांच्या प्रवेश-निर्गमच्या वह्या, जन्म-मृत्यूचे गाव नमुना १४, खासरा पाहणी, सगळं कचेऱ्यांच्या कपाटांतून बाहेर आलं. हैदराबाद संस्थानाचा कारभार १८८४ पर्यंत फारसीत आणि पुढे उर्दूत, गावपातळीवर मोडी. आयुष्यभर कुणी न विचारलेली मोडी वाचणारी म्हातारी माणसं एकदम हवीशी झाली.

एका अभिलेख कक्षात (कुठला ते लिहीत नाही) एक रुमाल सोडताना मी जवळ उभा होतो. तांबडं कापड धूळ बसून तपकिरी झालेलं, गाठ दोघांना मिळून सोडवावी लागली. आत जाड कागदाची पानं, कडांना वाळवीने अर्धवर्तुळं खाल्लेली. ज्या बाजूला नावं लिहिलेली, नेमकी तीच बाजू खाल्लेली. शेजारच्या गावचा रुमाल मात्र नवा कोरा वाटावा असा : कुणीतरी कधीतरी त्यात कडुलिंबाचा पाला घातला होता, वर अनुक्रमणिका चिकटवली होती. एकाच खोलीतले, एकाच काळातले कागद. एका गावच्या मुलांना पणजोबाची नोंद सापडली, दुसऱ्या गावच्या मुलांना नाही. पाला घालणाऱ्या त्या कारकुनाचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू बरोबर, हा मुद्दा या वहीत नको. पण अभिलेख नीट ठेवणं हे कनिष्ठ, कंटाळवाणं काम आहे, शिक्षा म्हणून माणूस तिथे टाकायचा, ही समजूत त्या खोलीत माझ्यापुरती संपली.

*

अनिलकुमार लखिना १९८० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी बदलली, टेबलांची रचना बदलली, लोकांसाठी चौकशीची एक जागा केली, कागद कसा लावायचा आणि किती दिवस ठेवायचा हे प्रत्येक लिपिकाला शिकवलं. तो 'लखिना पॅटर्न' राज्यभर गेला. कागदाचे वर्ग त्यात महत्त्वाचे : 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' वर्षभराने नष्ट.

त्याच वाटेवरची सहा गठ्ठ्यांची पद्धत. चालू प्रकरणं, ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची ती प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी याला 'झिरो पेंडन्सी' म्हणून जोर दिला. ऐकायला किरकोळ वाटेल. पण टेबलावर सगळा कागद एकाच ढिगात असला की वरचा निघतो आणि तळातला तसाच राहतो, आणि वर यायचं असेल तर कुणाची तरी ओळख लागते. सहा गठ्ठे झाले की चालू गठ्ठ्यातला सर्वांत जुना कागद कोणता हे साहेबांना उभ्या उभ्या दिसतं. वशिल्याची गरज अशा साध्या गोष्टींनी कमी होते, भाषणांनी होत नाही.

*

तालुक्याच्या एखाद्या कार्यालयात गेलं की मी आधी हालचाल रजिस्टर पाहतो. कोण कुठे गेलंय, कधी परत येणार. ते भरलेलं असेल तर बाकीचं बरंचसं ठीक निघतं.

*

पाऊस मोजायची जागा.

२४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. आकडा येतो मंडळातल्या एका पर्जन्यमापकावरून. मंडळात गावं अनेक. जून-सप्टेंबरचा आपला पाऊस कसा, तर एका शिवारात ओढे भरून वाहतात आणि दोन कोसांवर धुरळा उडतो. यंत्र ज्या शिवारात, तिथला पाऊस सगळ्या मंडळाचा ठरतो. यंत्राच्या जवळ झाड वाढलं, भिंत आली, कुणी शेड टाकली, तर आकडा कमी येतो. मदत, विम्याचा दावा, पंचनाम्याची घाई, सगळं त्या आकड्याला लटकलेलं. यंत्र कुठे आहे, शेवटचं कधी तपासलं, कालचा आकडा किती, एवढं मंडळातल्या प्रत्येक चावडीवर लिहिलेलं हवं. शेतकऱ्याने तो आकडा स्वतःच्या रानाशी ताडून पाहावा आणि पटला नाही तर त्याच दिवशी सांगावं. हंगाम संपल्यावर सांगून उपयोग नाही.

*

सप्टेंबर २०२५ चा पूर. गोदावरी पात्र सोडून रानात शिरली, जायकवाडीतून पाणी सुटत राहिलं, ढालेगाव, मुद्गल या बंधाऱ्यांच्या परिसरातली गावं दिवस-रात्र नदीकडे डोळे लावून बसली. पाणी ओसरल्यावर सोयाबीनच्या शेंगांतून हिरवे कोंब आलेले, कापसाची खालची बोंडं काळी पडून सडलेली. काही ठिकाणी रानच खरडून गेलं. खाली मुरूम उघडा.

पंचनामा तिघांनी मिळून करायचा : तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असलं तर मदत. हा ३३ ठरवायचा कुणी आणि कसा? नजरेने. बांधावर उभं राहून. चिखलात मांडीपर्यंत उतरून आतल्या तासांपर्यंत गेलेले कृषी सहायक मी पाहिलेत, आणि त्यांची नावं गावात अजून आदराने घेतात. रस्त्यावरूनच शिवार पाहिल्याचेही किस्से ऐकलेत. दोघांचा पंचनामा कागदावर सारखाच दिसतो.

यावर उपाय मी एकच पाहिला, तोही एका गावात. पंचनाम्याची यादी मदत जमा होण्याआधीच देवळाच्या भिंतीला लावली. गट नंबर, क्षेत्र, पीक, टक्के. दोन दिवस गावभर भांडणं झाली. चार नावं वाढली, दोन गळाली, एकाचं क्षेत्र कमी झालं कारण तो भाग पडीक होता हे शेजाऱ्यानेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी यादी पक्की झाली आणि पुढे त्या गावातून एकही तक्रार गेली नाही. यादी अगोदर लावायला खर्च येतो तो कागद आणि डिंकाचा.

*

पैशाच्या बाबतीत सुधारणा झाली, हे न लिहिणं अन्याय होईल. मदत आता खात्यात येते. एके काळी वाटपाच्या दिवशी कचेरीच्या आवारात जे चालायचं ते मी पाहिलंय. आता अडतं ते खाते-आधार जुळणीवर, ई-केवायसीवर, बोटांचे ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांवर. ऊस तोडून, कापूस वेचून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली त्यांना यंत्र ओळखत नाही. बोट न उमटल्यास काय करायचं, हे केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं आणि त्यासाठी वेगळे पैसे लागता कामा नयेत.

*

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. आपल्या पिकाचा फोटो आपणच काढून आपणच नोंद करायची. कल्पना उत्तम : पेरा कुठला हे शेतकऱ्याइतकं कुणाला माहीत? आमच्या शिवारात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ. त्यामुळे शाळा सुटल्यावर पोरं दहा-बारा घरांचे मोबाइल घेऊन रानोमाळ हिंडतात आणि मग टाकीखाली जमतात. आठवीतली एक पोरगी गल्लीतल्या सगळ्या आज्यांची नोंद करून देते, कुणाकडून पैसा घेत नाही. एका आजींनी तिला विचारलं, "मव्हं नाव आलं का गं त्यात?" तिने मोबाइल फिरवून दाखवलं. आजींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी बराच वेळ पाहिलं.

*

तलाठ्याविषयी. २०२३ ला राज्यात ४,६४४ तलाठी पदांची भरती निघाली, अर्ज आले दहा लाखांवर. भरती होण्याआधीची वर्षं एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सज्जे होते. त्यात निवडणूक, मतदार यादी, पूर, पंचनामे, वाळूच्या गाड्या, वरून रोज नवा तक्ता मागणारा संदेश. सज्ज्यावर माणूस नसतो, ही लोकांची तक्रार खरी, आणि तो तीन ठिकाणी एकाच वेळी असू शकत नाही हेही खरं. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं. नावाबरोबर वार ठरवून द्यावेत : सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात, आणि त्या वारी तालुक्याला बैठक नाही. बैठकीला बोलावणारा साहेब जेव्हा त्या तक्त्याला मान देईल तेव्हा गाव देईल.

वाळूवर कारवाईला रात्री नदीत उतरलेल्या महसूलच्या माणसांवर गाड्या घातल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वाचायला मिळतात. चांगला कारभार मागणाऱ्या आपण लोकांनी त्या रात्री या माणसांच्या बाजूने उभं राहायला नको का?

*

१९७२. त्या दुष्काळाच्या आठवणी घरोघर आहेत : खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, पाझर तलावाची माती उपसलेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक. ते कलम सुचलं महाराष्ट्राला. देशाने २००५ मध्ये तीच वाट धरली.

'गव्हर्नन्स' हा शब्द जागतिक बँकेच्या १९८९ च्या आफ्रिकेवरच्या अहवालानंतर जगभर चलनात आला. त्याच्या आधी दहा वर्षं एका गरीब, कोरडवाहू मुलखाने सरकारला कायद्याने बांधून घेतलं होतं. विकसनशील देशाला कारभार बाहेरून शिकवावा लागतो असं म्हणणाऱ्यांना मी हा कायदा वाचायला देईन.

हजेरीपटही त्याच कायद्याने शिकवला. मस्टर कामावर असावं, कुणालाही पाहता यावं. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत मस्टरं मोठ्याने वाचली, तेव्हा मेलेली माणसं खडी फोडताना सापडली. माहिती अधिकाराच्या चळवळीचं एक मोठं मूळ तिथे आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडीवाचन झालं. नाव, गट, क्षेत्र मोठ्याने वाचायचं, चूक असेल तर तिथेच सांगायची. ज्या गावात ते मनापासून झालं तिथे लोकांनी चुका सांगितल्या. ज्या गावात वाचन सह्यांपुरतं झालं तिथल्या चुका आजही दुरुस्तीच्या अर्जांत हिंडतायत.

*

बदल्यांचा २००५ चा कायदा लोकांना फक्त बदल्यांसाठी माहीत आहे. त्याचं दुसरं अंग दफ्तरदिरंगाईचं : कुठल्याही टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त थांबता कामा नये. १ जुलै २००६ पासून हे लागू आहे. नागरिकांची सनद लावणंही त्यातच येतं. सनदेचा फलक बहुतेक कचेऱ्यांत असतो, आणि त्यासमोर कपाट ठेवलेलं नसलं तर वाचताही येतो.

*

लोकसेवा हक्क कायदा, २८ एप्रिल २०१५ पासून. मध्य प्रदेशाने असा कायदा २०१० ला केला, बिहारने २०११ ला, मग आपण. दाखला, नोंद, उतारा ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही किंवा कारण नसताना नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून.

अपिलं का होत नाहीत, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. उत्तर एकच येतं, वेगवेगळ्या शब्दांत : "उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचंय, बाप्पा." हे भय खरं आहे आणि कुणी त्याची थट्टा करू नये. आज दाखल्यासाठी अपील केलं, उद्या फेरफार आहे, परवा पंचनामा. एकट्या माणसाने लढावं असा हा कायदा लिहिला गेला, पण खेड्यात एकटा माणूस लढत नाही. म्हणून मला वाटतं, मुदत उलटली की अपील आपोआप वर जावं. अर्जदाराने काही न करता. संगणकात प्रत्येक अर्जाची तारीख आहेच; मुदतीच्या दुसऱ्या दिवशी तो अर्ज वरिष्ठाच्या पडद्यावर लाल दिसावा आणि उत्तर देण्याची जबाबदारी खालच्या टेबलाची असावी.

*

साई जन्मस्थान. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली, जन्मस्थानाच्या उल्लेखावरून शिर्डी बंद राहिली, आठवडाभर देशाने पाथरीचं नाव ऐकलं. श्रद्धेच्या वादात मला पडायचं नाही. गावात बाहेरची माणसं आली, रस्ते झाले, दिवे लागले तर आनंदच. माझी मागणी एवढीच की घोषणेच्या रकमेचं काय झालं हे नगरपरिषदेच्या दारात एका फळ्यावर लिहिलेलं असावं : मंजूर किती, आले किती, कुठल्या कामावर किती खर्च, काम कुणाकडे, संपायची तारीख. दर तीन महिन्यांनी खडूने बदलायचं. भक्तालाही कळेल, गल्लीतल्या नालीसाठी अर्ज दिलेल्यालाही कळेल.

*

चांगला साहेब आला की तालुका तीन वर्षं सुखात असतो. बदली झाली की लोक हार घालतात, काही रडतात, आणि पंधरा दिवसांत टेबलांवर पुन्हा एकच ढीग. अशा एका साहेबांना निरोपाच्या वेळी मी विचारलं, तुमच्यामागे काय राहील? ते म्हणाले, "आवकच्या वहीत एक रकाना वाढवून ठेवलाय, निकालाच्या तारखेचा. तो पुढच्याने पुसला नाही तर बरंच राहील." मी मधे एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. रकाना आहे. पहिली काही पानं पूर्ण भरलेली, पुढे विरळ, गेल्या दोन महिन्यांत पुन्हा भरायला सुरुवात झालेली. कुणी सुरू केलं ते विचारलं तर आवक पाहणाऱ्या नव्या मुलीने हात वर केला. गेल्या भरतीतली. म्हणाली, "रकाना होता म्हणून भरला, काका."

*

येत्या ग्रामसभेसाठी लिहून ठेवतो. तलाठ्याचा वार कोणता, तो ठराव करून मागायचा. वारस नोंदीचे किती अर्ज दिले आणि किती जणांकडे पोच आहे, हे सभेतच हात वर करून मोजायचं. पोच नसलेल्यांनी त्याच दिवशी पुन्हा लेखी कळवायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आठवीतल्या त्या पोरीला आणि तिच्या मैत्रिणींना बसवायचं, त्यांना चहा-बिस्किटं गावाने द्यायची. पर्जन्यमापकाभोवतीची बाभूळ छाटायचं पत्र मंडळ अधिकाऱ्यांना द्यायचं. पत्राची पोच घ्यायची.